सगळ्यांची नाडी बहात्तर

सातवीच्या वर्गात त्या दिवशी 38 मुलं हजर होती. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला बोटं कशी ठेवायची ते मी दाखवलं, जोडीतल्या एकाने घड्याळाकडे बघायचं आणि दुसऱ्याने ठोके मोजायचे असं सांगितलं आणि दहा मिनिटांनी वह्या गोळा केल्या. 29 वह्यांत एकच आकडा होता, 72. उरलेल्यांत कुणी 70 लिहिलं होतं, कुणी 75. एकीने आधी 96 लिहून ते खोडलं होतं आणि शेजारी सुवाच्य अक्षरात 72 लिहिलं होतं.

खरं सांगायचं तर मी आधी सुखावले. वर्ग शांत होता, तक्ता सुबक भरला होता, आणि पुस्तकातला आकडा मुलांच्या हाताखालून जसाच्या तसा निघाला होता. शिक्षकाला आणखी काय हवं असतं? स्टाफरूममध्ये वह्यांवर सह्या करताना ते खोडलेलं 96 पुन्हा नजरेला पडलं आणि माझी लेखणी थांबली. बारा-तेरा वर्षांची, नुकतीच मधल्या सुट्टीतून धावत आलेली मुलं. त्यांची नाडी 72? 72 हा मोठ्या माणसाचा, निवांत बसलेल्याचा, तोही ढोबळ आकडा. त्या वर्गात खरं मोजणारी बहुधा एकच मुलगी होती आणि तिनेच स्वतःला चूक ठरवलं होतं.

बडोद्याच्या जुन्या शहरात, चार दरवाज्यांच्या आत, एका गुजराती माध्यमाच्या शाळेत मी सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. आमचं घर मराठी. पणजोबा गायकवाडी नोकरीच्या निमित्ताने आले आणि इथलेच झाले. घरी वरण-भात आणि शाळेत दाळ-भात, घरी मी ताई आणि शाळेत ‘बेन’, या दुपदरी जगण्याची आम्हा बडोदेकरांना इतकी सवय आहे की भाषा कधी बदलली ते आमचं आम्हाला कळत नाही. आरोग्याचे धडे मी वर्षानुवर्षं शिकवत आले: समतोल आहार, संसर्गजन्य रोग, स्वच्छता. मुलं उत्तरं पाठ करत, मार्क मिळवत. मग एकदा मनात आलं, की मुलांनी स्वतः मोजावं, तक्ते करावेत, आलेख काढावेत. गणितात त्यांना माहितीचं व्यवस्थापन असतंच, विज्ञानात शरीर असतं. दोन्ही एकत्र आणलं की झालं, असा माझा सरळ हिशेब होता. तो पहिल्याच तासाला त्या 29 वह्यांनी चुकवला.

दुसऱ्या दिवशी मी खोडलेल्या 96 चं नाव घेतलं नाही. एवढंच म्हटलं, “काल आपण उत्तर लिहिलं. आज मोजूया.” पंधरा सेकंद मोजा आणि चारने गुणा, असं सांगितलं. या वेळी आकडे पसरले: 76, 84, 88, 92, 100. मी ते फळ्यावर लिहीत होते तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “बेन, बधा चारना घडियामां छे!” सगळे चारच्या पाढ्यात आहेत. बोलणारा मुलगा एरवी गणितात काठावर पास होणारा. मी फळ्याकडे वळून पाहिलं, तर खरंच, एकही आकडा चारच्या पाढ्याबाहेर नव्हता. चारने गुणल्यावर दुसरं काय होणार? पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मग पाऊण तास त्यावरच गेला. पंधरा सेकंदांत एक ठोका चुकला तर मिनिटाला किती चुकला? चार. म्हणजे 84 आणि 88 मधला फरक शरीरातला की मोजण्यातला? आपण ज्याला नाडी म्हणतो त्यात नाडी किती आणि आपली पद्धत किती?

तिसऱ्या दिवशी पूर्ण मिनिट मोजलं. पटांगणात खडूने एक लांब रेघ मारली, तिच्यावर 60 पासून 110 पर्यंत खुणा केल्या आणि प्रत्येकाला आपापल्या आकड्यावर उभं केलं. एका आकड्याचे दोघे असले तर एकामागे एक. वर्गाचा आलेख उन्हात उभा राहिला, खिदळत, एकमेकांना ढकलत. मधली गर्दी ऐंशीच्या घरात होती. दोन्ही टोकांकडून एकेक जण खाली बसत गेला आणि शेवटी उरलेल्यांना पाहून मुलांनी मध्यक म्हणजे काय ते ओळखलं. 72 च्या खुणेवर कुणीच नव्हतं. सगळे त्या रिकाम्या खुणेकडे बघून हसले. त्या हसण्यात आदल्या दोन दिवसांची कबुली होती.

हा खेळ जमला, आणि मला वाटलं की युक्ती सापडली: मोजायची रीत नीट शिकवली की मुलं खरं लिहितात. ही समजूत एका बुधवारी कुंडीत सापडली.

बुधवार हा आमच्याकडे लोहाच्या गोळीचा वार. या गोळीचं बडोद्याशी जुनं नातं आहे. 2000 साली वडोदरा जिल्ह्यात शाळकरी मुलींना आठवड्यातून एक गोळी देण्याचा उपक्रम सुरू झाला. तेव्हा छोटा उदेपूरचा आदिवासी पट्टाही याच जिल्ह्यात होता. इथल्या मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी त्याचा पाठपुरावा केला. सुरुवातीला तपासलेल्या मुलींपैकी साधारण तीन-चतुर्थांश रक्तक्षयी होत्या, सुमारे दीड वर्षाने ते प्रमाण निम्म्याच्या किंचित वर आलं. पुढे हा कार्यक्रम गुजरातभर गेला, आणि 2013 पासून आठवड्याची निळी गोळी देशभरातल्या मुलामुलींसाठी आली. आताच्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. गरज तर उघडच आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गुजरातेतल्या 15 ते 49 वयाच्या 65 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. देशाचा आकडा 57 होता. तुपातल्या रोटलीचा आणि दुधाच्या डेऱ्यांचा हा प्रदेश, पण रक्ताच्या थेंबाला त्या श्रीमंतीचा पत्ता नाही.

माझ्या वर्गाचा गोळीचा तक्ता मीच भरत असे. दर बुधवारी हजर तितक्या गोळ्या आणि पुढे टिक. शंभर टक्के. त्या बुधवारी व्हरांड्यातल्या कुंडीला पाणी घालताना मातीवर निळे डाग दिसले. काडीने उकरलं तर विरघळत आलेल्या गोळ्यांचा लगदा. शेजारच्या कुंडीतही तेच. झाडं मात्र छान टवटवीत होती.

मी चिडले. वर्गात जाऊन रीतसर भाषण केलं: सरकार खर्च करतं, तुमच्या भल्यासाठी करतं, आणि तुम्ही कुंडीत टाकता? कोण टाकतं? एकही हात वर आला नाही. मी म्हटलं, ज्यांनी घेतली त्यांनी हात वर करा. सगळे हात वर. पुन्हा सगळ्यांची नाडी 72.

त्या शांततेत पुढच्या बाकावरची एक मुलगी, जिला प्रश्न दाबून ठेवता येत नाहीत, तिने विचारलं, “बेन, तुमचं हिमोग्लोबिन किती?”

“चांगलं आहे,” मी म्हटलं आणि पुस्तक उघडलं.

चांगलं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वीच तपासलं होतं, 10.4. स्त्रीचं 12 च्या वर असावं हे मीच शिकवते. जिना चढताना लागणारी धाप मी वयाच्या खात्यावर टाकली होती, आणि रिपोर्ट कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवला होता. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या पोटात मळमळतं म्हणून आठवड्याभरात बंद केल्या होत्या. थोडक्यात, माझीही एक कुंडी होती. घरी जाताना न्यायमंदिराच्या गर्दीत स्कूटर अडकली होती तेव्हा हे मला लख्ख दिसलं, आणि हसूही आलं. मुलांना भाषण देणाऱ्या बाईने एका साध्या प्रश्नाला खोटा आकडासुद्धा दिला नव्हता, नुसतं ‘चांगलं’ म्हणून वेळ मारून नेली होती. का? कुणी शिक्षा थोडीच करणार होतं? पण रक्त कमी असणं म्हणजे आपलीच काहीतरी हयगय, आपलाच कमीपणा, असं कुठेतरी मनात बसलेलं असतं. पन्नाशीच्या बाईच्या मनात ते असेल, तर तेराव्या वर्षी वर्गासमोर हात वर करणाऱ्या मुलीच्या मनात किती असेल?

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर 10.4 लिहिलं आणि सांगितलं, की हा माझा आकडा आहे, काल मी खोटं बोलले, आणि गोळ्या मीही सोडल्या होत्या. वर्गात अशी शांतता पसरली, की बाहेर भंगारवाल्याची हाक ऐकू आली. मग प्रश्न आले. धाप लागते का? गोळी का सोडली? तुमच्या पोटातही दुखतं? या ‘तुमच्या पोटातही’ मधल्या ‘ही’ने सगळं काम केलं. एकीने सांगितलं, पोटात मुरडा येतो. दुसऱ्याने नाक दाबून सांगितलं, संडास काळी होते, घरी सगळे घाबरले. कुणाला शेजारणीने सांगितलं होतं, की या गोळ्यांनी पुढे मुलं होत नाहीत. कुणी चहाबरोबर घेत होतं. आणि सगळ्यांत साधी गोष्ट अशी, की गोळी आम्ही पहिल्या तासाला वाटत होतो, कारण हजेरीपट तेव्हा उघडलेला असतो. बरीच मुलं सकाळी चहा-खारीवर किंवा नुसत्या चहावर आलेली असत. रिकाम्या पोटी लोहाची गोळी पोट ढवळून काढणारच. आमच्या वहीच्या सोयीसाठी आम्ही मुलांच्या पोटाची गैरसोय केली होती, आणि वही म्हणत होती, शंभर टक्के.

गोळी मध्यान्ह भोजनानंतर द्यायला सुरुवात केली. काळ्या संडासाचं कारण समजावलं: न शोषलेलं लोह बाहेर पडतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. चहाचं मात्र बोलून भागेना. बडोद्यात चहा सोडायला सांगणं म्हणजे सेव-उसळीतून सेव काढायला सांगणं. म्हणून एक प्रयोग केला.

दोन काचेच्या ग्लासांत बिनदुधाचा कोरा चहा घेतला. एका गोळीचं वरचं निळं आवरण खरवडून टाकलं, आतला भाग खलबत्त्यात कुटून पाण्यात कालवला आणि ते पाणी दोन्ही ग्लासांत अर्धं अर्धं ओतलं. तांबूस चहा बघता बघता गढूळला आणि काळा झाला, दौतीत शोभेल इतका काळा. चहातल्या टॅनिनने लोहाला धरलं होतं. एका मुलाने काडी बुडवून वहीत आपलं नाव लिहिलं, आणि ते उमटलं. मी सांगितलं, की हिरडा आणि हिराकस यांचा काळा रंग काढायची आपली जुनी रीत हीच. हिरड्यात टॅनिन आणि हिराकस म्हणजे लोहाचाच क्षार. मग एका ग्लासात लिंबू पिळलं. काळेपणा उतरत गेला आणि चहा पुन्हा चहासारखा दिसू लागला. दुसरा ग्लास काळाच राहिला.

“म्हणजे पोटात शाई होते?” कुणीतरी विचारलं. तिथे मला स्वतःला आवरावं लागलं. हो म्हटलं असतं तर प्रयोग जास्त रंगला असता. पण ग्लास म्हणजे पोट नव्हे. पोटात आम्ल असतं, अन्न असतं, शोषण पुढे आतड्यात होतं. ग्लासने एवढंच दाखवलं, की चहातला एक पदार्थ लोहाला धरून ठेवू शकतो. माणसाच्या शरीरात काय होतं ते माणसांवर अभ्यास करूनच कळतं. असे अभ्यास झाले आहेत, आणि त्यांतलं एक नाव आमच्याच गावचं: डॉ. तारा गोपालदास. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अन्न व पोषण विभागात त्यांनी अनेक वर्षं काम केलं. गुजरातच्या मध्यान्ह भोजनात लोहाबरोबर जंताची गोळीही असावी यासाठीचं कामही त्यांचंच. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात तरुण कामकरी स्त्रियांना कामाच्या जागी आंबवलेले धान्याचे पदार्थ किंवा आवळ्याचा रस देऊन रक्तक्षय कमी करता येतो असं दिसलं. मुलांना हे एकदम पटलं, कारण ढोकळा आंबवलेला असतो आणि आवळा शाळेच्या दाराशी मिळतो. विज्ञान आपल्या दारातून सुरू होतं हे मुलांना सांगावं लागत नाही, दार फक्त दाखवावं लागतं.

आता प्रश्न मोजण्याचा. हात वर करायला सांगून खरं कळत नाही, हे तर आम्ही शिकलो होतो. उपाय मुलांनीच काढला. एक मडकं आणलं. गोळीनंतर प्रत्येकाला तीन दाणे: चणा, मूग आणि वाल. गोळी घेतली असेल तर चणा, नसेल घेतली तर मूग, सांगायचं नसेल तर वाल. मूठ बंद करून मडक्यात घालायची आणि एक दाणा सोडायचा, उरलेले दोन परत पिशवीत. कुणी काय टाकलं ते कुणालाच कळत नाही, मलाही नाही. ‘सांगायचं नाही’ हा तिसरा दाणा हवाच, असा हट्ट मुलींचा होता. मी आधी नाही म्हणत होते, म्हटलं सगळे वालच टाकतील. तसं झालं नाही. पण तो दाणा हातात असल्यामुळे बाकीचे दोन खरे झाले, असं मला आता वाटतं.

पहिल्या बुधवारी मडकं उपडं केलं, तेव्हा चणे निम्म्याहून कमी निघाले. हा माझ्या शंभर टक्क्यांचा खरा चेहरा. मुलांना मात्र त्याचं वाईट वाटलं नाही. त्यांनी ढीग लावले, मोजले, शेकडेवारी काढली, तारीख टाकून भिंतीवर आलेख सुरू केला. गोळी जेवणानंतर मिळत राहिली तशी रेघ चढायला लागली. परीक्षेच्या आठवड्यात खाली आली, पुन्हा चढली. शंभरला ती कधीच पोहोचली नाही.

2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला. बडोदेकरांना तो वेगळा सांगायला नको. तीन-चार दिवस निम्मं शहर पाण्यात, गच्चीवरून पाण्याचे पाऊच झेलणं, सोसायटीच्या फाटकात मगर. पाणी उतरलं, चिखल काढला, आणि मग ताप सुरू झाले. शाळा उघडली तेव्हा बाकं रिकामी होती. मला वाटलं, आता शिकवायची हीच वेळ. मुलांना लंडनचा डॉ. जॉन स्नो सांगितला: 1854 साली सोहो भागात कॉलरा पसरला, स्नोने मृत्यूंची घरं नकाशावर मांडली आणि ती ब्रॉड स्ट्रीटच्या एका पाण्याच्या पंपाभोवती गोळा झालेली दिसली. त्या पंपाचा दांडा काढला गेला. आपणही करूया म्हटलं. भिंतीवर आसपासच्या पोळांचा (जुन्या गल्ल्यांचा), चाळींचा, नदीकाठच्या वस्त्यांचा हाताने काढलेला मोठा नकाशा लावला. ज्याच्या घरी ताप, त्याने लाल टिकली लावायची.

दोन दिवसांत नदीच्या बाजूला टिकल्यांचा पुंजका झाला. विज्ञान म्हणून चित्र सुरेख होतं. तिसऱ्या दिवशी त्या पुंजक्यातल्या दोन टिकल्या नव्हत्या, कागदावर फक्त गोंदाचे ठसे. कुणी काढल्या ते मी विचारलं नाही, कारण ते मला दिसतच होतं. त्या वस्तीतून येणारा मुलगा मधल्या सुट्टीत एकटाच डबा खात होता. पाणी प्यायच्या रांगेत त्याला कुणीतरी म्हणालं होतं, तुमच्याकडून येतो ताप. मीच रंगीत टिकल्या लावून त्यांना ते शिकवलं होतं.

नकाशा उतरवला. वर्गाला मी सांगितलं, की माझं चुकलं, आणि त्या मुलालाही बाजूला घेऊन सांगितलं. तो म्हणाला, “बेन, ताव तो बधाने हतो. अमे लगाडी एटले देखायो.” ताप सगळ्यांनाच होता, आम्ही टिकली लावली म्हणून दिसला. याहून चांगली टीका माझ्या कुठल्याही तासावर झालेली नाही. नकाशात ताप दिसत नाही, सांगितलेला ताप दिसतो. ज्या गल्लीने सांगितलं नाही ती गल्ली कागदावर निरोगी.

स्नोच्या गोष्टीतला एक माणूस मी घाईत गाळला होता. हेन्री व्हाइटहेड, त्याच वस्तीतला तरुण धर्मोपदेशक. पंपावर त्याचा आधी विश्वास नव्हता. पण तो घरोघर गेला, एकेका कुटुंबाशी पुन्हा पुन्हा बोलला, आणि पंपाजवळच्या ज्या घरातल्या आजारी बाळापासून बहुधा हे सुरू झालं ते घर त्यानेच शोधलं. लोकांनी त्याला सांगितलं, कारण तो त्यांचा होता. याची उलटी बाजू मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. 1897 सालचं पुणं, प्लेग, घराघरात शिरणारे गोरे सोजीर. लोक रोगी लपवत, कारण रोगी सापडणं म्हणजे घर उसकटलं जाणं. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. आजार एकच. एका दाराशी माणूस लपवला जात होता, दुसऱ्या दाराशी आपण होऊन आणला जात होता. दाराशी कोण उभं आहे, त्यावर आकडा ठरतो.

आम्ही मग माणसं मोजणं थांबवलं आणि भांडी मोजायला लागलो. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. मुलांनी आपापल्या घरातली पाणी साचणारी ठिकाणं शोधायची: कुंडीखालची ताटली, कुलर, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचा टायर, पाखरांसाठी ठेवलेलं कुंडं. किती ठिकाणी पाणी, त्यांतल्या किती ठिकाणी अळ्या. डासांच्या अळ्यांना गुजरातीत ‘पोरा’ म्हणतात. “बेन, अमारे त्यां बार पोरा!” असं कुणी अभिमानाने ओरडलं की माझ्या मराठी कानाला अजून दचकायला होतं. घराचं नाव नको, गल्लीचं नको, फक्त भांड्याचा प्रकार लिहायचा.

आणि निकाल गमतीदार निघाला. भांड्यांच्या प्रकारांवरूनच दिसलं, की पोरा पूरवस्तीत कमी, पक्क्या घरांत जास्त. नदीकाठच्या घरात मुळात साठवायला भांडी थोडी आणि जी होती ती पुराने नेलेली. बंगल्यांत शोभेच्या कुंड्या, त्यांच्या ताटल्या, कुलर. एक भांडं तर आमच्याच शाळेत सापडलं: त्याच व्हरांड्यातल्या कुंडीखालची ताटली. आमच्या वर्गातली थोडकी घरं म्हणजे शहर नव्हे, हे मी मुलांना बजावलं. पण त्या मुलाच्या डब्याभोवती पुन्हा गर्दी झाली. तो कुंडीची ताटली घासायची रीत दाखवत होता, कारण नुसतं पाणी ओतून अंडी जात नाहीत, ती कडेला चिकटून असतात, महिनोन्महिने कोरडी टिकतात.

दरम्यान भिंतीवरच्या गोळ्यांच्या आलेखाची खबर वर गेली. एका कार्यालयातून विचारणा झाली: बाकी शाळा शंभर टक्के, तुमच्याच 70 कशा? आमच्या आचार्या शांत बाई. त्यांनी छापील नमुना माझ्यासमोर ठेवला. त्यात रकाना होता ‘वाटलेल्या गोळ्या’. ‘गिळलेल्या’ असा रकानाच नव्हता. “वाटल्या किती?” त्यांनी विचारलं. “सगळ्या,” मी म्हटलं. “मग तेवढंच लिहा. ते खरं आहे. भिंतीवरचं काढू नका.” मला ही तडजोड आधी बोचली. आता वाटतं, खोटं न लिहिता दोन्ही ठेवता आलं, हे थोडं नाही. सयाजीरावांनी 1893 साली अमरेली तालुक्यात आणि 1906 साली साऱ्या बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हापासून या मातीत मुलांची हजेरी मांडली जाते आहे. पट भरायला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शिकलो. पटात नसलेलं विचारायला आता शिकतो आहोत.

माझं हिमोग्लोबिन परवा तपासलं, 11.6. फळ्यावर लिहिलं. “हजी ओछुं छे,” अजून कमी आहे, अशी शेरेबाजी झाली. बुधवारी मुलांबरोबर मीही मडक्यात दाणा टाकते. दोनदा मूग टाकला आहे.

वर्षअखेरीला पुन्हा नाडीचा तास घेतला. सगळे पूर्ण मिनिट मोजत होते, वर्गात फक्त पंख्याचा आवाज. चारचा पाढा ओळखणारा तो मुलगा अस्वस्थपणे माझ्याकडे आला. “बेन, मारा 72 आव्या. साचे ज.” खरंच 72 आले. त्याचा चेहरा असा, जणू चोरीचा आळ येणार आहे. कुणी विश्वास ठेवणार नाही, तुम्ही मोजा, म्हणून त्याने मनगट पुढे केलं. मी घड्याळ समोर ठेवून मोजलं. 75 आले.

त्याने वही उघडली. मला वाटलं, आता 72 खोडणार. त्याने ते तसंच ठेवलं, खाली 75 लिहिलं, आणि पहिल्यापुढे ‘मी’ आणि दुसऱ्यापुढे ‘बेन’ असं लिहून वही मिटली.